पित्त न काढलेलं मूळ

कसबा बावड्यातल्या मंगल कार्यालयात चपला ठेवायला जागा नव्हती. मूळकाढे महाराज चाकू न लावता पोटातून आजाराचं मूळ उपटत होते.

माझी बायको बनाबाई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. तिची आईही त्यानंच. लेक क्रांती एकोणचाळीसची, दोन मुलांची आई. तिच्या रक्ततपासणीत तोच वारसा, जनुकातला दोष, निघाला. डॉक्टर पूर्णिमांनी सांगितलं, आजार होण्याआधीच अंडाशय आणि गर्भनळ्या काढू. क्रांती तयार झाली, तारीख ठरली. पण तिच्या सासूबाई अडून बसल्या, "आधी महाराज."

"विहीणबाई, तिला अजून काय झालंच न्हाई."

"म्हणूनच की. मूळ कवळं हाय."

क्रांतीचं नाव पुकारलं, तसा मी पुढं झालो. "महाराज, बाप चालंल का?"

"चालतंय की. तुमच्यातनं ओढलं की तिकडनं सुटतंय. मोबाईलची रेंज असती तसं. झोपा, पावणं."

तीस वर्षं मटणाची खानावळ चालवून माझं पोट चांगलंच सुटलंय. महाराजांनी शिष्याच्या कळशीतला ओला कापूस घेतला, पोटाच्या वळीत दाबला. बोटं दिसेनाशी झाली. लाल पाणी वाहिलं आणि हातात काळपट गोळा आला.

"हे अंडाशयाचं मूळ."

विहीणबाईंनी हात जोडले. मी उठून महाराजांचं मनगट धरलं.

"महाराज, ही कोंबडीची कलेजी. पित्तपण काढलं न्हाई. रस्सा कडू व्हईल."

रांगेतला चिकनवाला पिराजी वाकून बघू लागला. "व्हय की. सकाळी ह्यांचाच माणूस घेऊन गेला. साफ करू नका म्हणाला."

"श्रद्धा न्हाई त्याला कलेजीच दिसती," महाराज म्हणाले.

"मी वजन करून दिलीया," पिराजी म्हणाला.

मी शिष्याची कळशी पालथी केली. कुंकवाच्या पाण्यात भिजलेले कापसाचे बोळे पडले. प्रत्येकात एक कलेजी. लोक महाराजांपुढं ठेवलेले आपापले नारळ परत घ्यायला धावले.

रिक्षात विहीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरीण तरी कुठं खात्री देतीया?"

"न्हाई देत, आत्या," क्रांती म्हणाली. "धोका लई कमी व्हईल, पण शून्य न्हाई म्हणाल्या. पाळी थांबंल, अंगातनं वाफा येतील, तेबी सांगितलं."

महाराजांनी मात्र उणी बाजू काहीच सांगितली नव्हती.

बनाबाईच्या वेळी आम्ही कुणाला काही विचारलंच नाही. तुमच्या घरात आई, आजी, मावशी, आत्या अशी कुणी या कॅन्सरनं गेली असेल, तर डॉक्टरांना विचारा. बापाकडूनही हा वारसा येतो.

मंगळवारी ऑपरेशन झालं. विहीणबाई माझ्या शेजारी डबा घेऊन बसल्या होत्या. नर्स बरणी घेऊन गेली.

"ते कुठं नेलं?"

"तपासायला," मी म्हणालो. "खरं काढलेलं तपासायला पाठवत्यात."