आमच्या दारासमोर जरा जाड

हमरापुरात चांगला रस्ता हवा म्हणून सगळ्यात जास्त घसा कोणी कोरडा केला असेल, तर आमच्या आबांनी. आबा म्हणजे माझे सासरे, काळुराम. ग्रामसभा असो, लग्न असो की मयत, जरा बऱ्या कपड्यातला माणूस गाडीतून उतरला की आबा विचारणार, "रस्ता कधी करता?" मयताच्या घरी तरी गप्प बसा, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. पण त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे गणपती होतात, आणि गणपती टेंपोतून जातात. बरोबर आमच्या कारखान्याच्या दारात एक खड्डा होता. भरलेला टेंपो निघाला की पहिला दणका तिथेच. सोंड तरी जायची, नाहीतर आशीर्वादाच्या हाताची बोटं. इतके महिने जपलेली मूर्ती आपल्याच दारात मोडलेली बघायची.

कारखाना हा नुसता म्हणायला. घराला लागून पत्र्याची पडवी आणि खाली मातीची जमीन. गावात बाकीच्यांनी प्लास्टर धरलं, आबांनी शाडू सोडला नाही. शाडूची मूर्ती भट्टीत जात नाही, वाऱ्यावर वाळते. म्हणून पाण्यात घातली की विरघळते, आणि ते बरोबरच आहे, ती त्यासाठीच असते. आबांचा एक नियम होता. मूर्ती करताना खाली पडलेला चुरासुद्धा पायाखाली येता कामा नये. संध्याकाळी तो ओंजळीने गोळा करून घमेल्यात टाकायचा. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या घरात चालायचं तरी कसं.

आमचं गिऱ्हाईक जुनं. होळी झाली की पेणची, रोह्याची माणसं आपापल्या घरचा पाट आणून देतात. त्याच पाटावर त्यांचा गणपती घडवायचा, ही रीत. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. रोह्याच्या काशीबाईंचा पाट तर त्यांच्या आजेसासूच्या वेळचा, शिसवी, एका कोपऱ्याला जळका. यंदा पाट घेतानाच आबांनी सांगून टाकलं होतं, "हात कापतो आता. एवढ्यांचे डोळे आखीन, मग ब्रश निलेशच्या हातात." निलेश म्हणजे माझा नवरा, समोर मी त्याचं नाव घेत नाही, इथे घेते. मूर्तीचं बाकी सगळं आम्ही करतो, पण डोळ्यांची आखणी आबांचीच. माणसं ते डोळे बघून यायची. त्यामुळे यंदाचे गणपती काहीही होऊन नीट जायला हवे होते.

मे महिन्यात डांबर आलं. ऊन असं की सकाळी कालवलेल्या मातीला दुपारी तडे जायचे. त्या उन्हात पायाला गोणपाट बांधलेल्या बाया घमेल्यांनी वाफाळती खडी पसरत होत्या. मागून रोलर. त्यांचा मुकादम कान्हू रोह्याकडचा, बोलायला गोड. निलेशने त्याला विचारलं, "जुना रस्ता खरवडणार नाय काय आधी?"

"खरवडायचं मशीन तिकडं खांब गावात अडकलंय, हायवेच्या कामावर," कान्हू म्हणाला. "साहेब बोलले, वरूनच मारा."

आबांना त्यात काही खटकलं नाही. ते नवं धोतर नेसून उभे होते. त्यांनी रोलरपुढे नारळ फोडला, बायांना माझ्या हातून कोकम सरबत दिलं, आणि सरबताचा शेवटचा पेला स्वतः कान्हूच्या हातात देऊन म्हणाले, "बाबा, आमच्या दारासमोर जरा जाड टाक. दरवर्षी आमचा गणपती इथंच फुटतो."

कान्हूला तेच हवं होतं. शेवटच्या डंपरमध्ये माल उरला होता. गरम माल परत नेता येत नाही, वाटेतच त्याचा दगड होतो. त्याने सगळाच्या सगळा आमच्या दारासमोर ओतला. रोलर त्यावरून पुन्हा पुन्हा फिरला. आबा डोक्यावर टॉवेल टाकून शेवटपर्यंत उन्हात उभे. मला म्हणाले, "बघ गो नमिता, आता भरल्या टेंपोत पाण्याचा तांब्या ठेव, सांडायचा नाय."

संध्याकाळी मी दार झाडायला आले, तर केर बाहेर जाईना. झाडू रस्त्याला अडत होता. पूर्वी आम्ही एक पायरी उतरून रस्त्यावर जायचो. आता रस्त्यावरून उतरून घरात यावं लागत होतं, आणि दारासमोरच्या उंचवट्याचा उतार सरळ पडवीकडे. मी निलेशला खुणेने दाखवलं. त्याने पाहिलं आणि डोक्यावरून हात फिरवला. आत आबा शेजाऱ्यांना चहा पाजत होते. त्यांना सांगायची आमची दोघांचीही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी निलेश पेणला बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेला. साहेब माणूस म्हणून भला. त्याने पंख्याखाली बसवलं, सगळं ऐकून घेतलं. गटार होणार आहे, म्हणाला, पण ते काम वेगळं, ठेकेदार वेगळा, पावसाळ्यानंतर. निदान दारासमोरचा थर तरी खरवडून द्या म्हटलं, तर म्हणाला, नवा रस्ता मी फोडला तर माझी नोकरी जाईल, आणि तुम्ही फोडलात तर तुमच्यावर केस होईल. निलेशने कान्हूला फोन लावला. कान्हू बिचारा हळहळला. "काका बोलले जाड टाक, मी टाकला. आमच्याकडं डांबर टाकायचं काम असतं दादा, काढायचं नसतं."

शेजारच्या विशालचा प्लास्टरचा मोठा कारखाना आहे, कमरेएवढं सिमेंटचं जोतं. तो रात्रीचं जेवण टाकून आला आणि हात जोडून म्हणाला, "निलेशदादा, आता कुठं रस्ता झालाय. तक्रार केलीस तर पुढचं काम बंद पडेल. सगळ्या गावाचं नुकसान." त्याचंही खोटं नव्हतं. मला तर राग कोणावर काढावा हेच कळेना. कोणी वाईट वागलं असतं तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

पाऊस लागला आणि पाणी आत यायला लागलं. तेव्हा आम्हाला कळलं की तो खड्डाच आमचं गटार होता. रस्त्याचं पाणी त्यात उतरायचं आणि पलीकडच्या शेतात निघून जायचं. आबांनी ज्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्यानेच जन्मभर आमची पडवी कोरडी ठेवली होती. आता हे आबांनाही दिसत होतं. तेव्हापासून कोणी "रस्ता झकास झाला" म्हटलं की उठून आत जायचे.

आम्ही काय करायचं ठेवलं नाही. दारात वाळूच्या गोणी रचल्या. खालचे पाट विटांवर चढवले, वरचे बांबूच्या मांडणीवर. मूर्ती दुसरीकडे हलवाव्यात, तर पुरती न वाळलेली शाडूची मूर्ती हलवली की तडकते. आणि सीझनला हमरापुरात कोणाकडे हातभर जागा मोकळी नसते, माणसं स्वतः ओटीवर झोपतात. मी आणि निलेश आळीपाळीने पाणी उपसायचो. आबा पडवीत बसून ब्रश धुवायचे, पुसायचे, आणि आभाळाकडे बघायचे.

आषाढ सरत आला होता. आबांनी आखणी सुरू केली होती. त्या दुपारी काशीबाईंचा गणपती त्यांच्यासमोर होता. पाऊस सकाळपासून थांबलाच नव्हता. मी भाकऱ्या थापत होते. निलेशची हाक ऐकून धावले, तर दारातल्या गोणी जागच्या जागी होत्या आणि पाणी त्यांच्यावरून येत होतं. सगळ्या रस्त्याचं पाणी त्या उंचवट्यावरून घसरत सरळ आमच्याकडे. मी बादली घेतली. बादलीने काय होणार होतं.

"आबा, उठा," निलेश ओरडला.

आबा उठले नाहीत. एक डोळा आखून झाला होता, दुसरा राहिला होता. पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं. "एका डोळ्यावर देवाला टाकून कसा उठू," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी दुसरा डोळा आखला. मी पाहिला तो डोळा. जराही हललेला नव्हता.

तेवढ्यात मागची मांडणी गेली. जमीन मऊ होऊन बांबूचा पाय खचला, आणि वरचे गणपती खालच्यांवर आले. आवाज फार झाला नाही. पाण्यात पडलेली ओली माती आवाज करत नाही. आबांनी काशीबाईंचा गणपती दोन्ही हातांनी उचलला. कमरेपासून वरचा भाग हातात आला, बाकीचा पाटावर राहिला. मग हातातलाही हळूहळू बोटांमधून जायला लागला. ते दोन डोळे सगळ्यात शेवटी गेले. मी तिथेच पाण्यात बसून रडले. मला कशाचीच लाज वाटली नाही.

पाणी ओसरल्यावर पडवीभर राखाडी गाळ उरला, आणि त्यात सगळ्यांचे पाट. विशाल आणि त्याची माणसं मदतीला आली. निलेशने गाळ हातात घेऊन पाहिला. "आबा, पुन्हा गाळून घेऊ. छोट्या तरी करू."

"रस्त्याची घाण हाय त्यात," आबा म्हणाले. "हिचा देव होणार नाय. आणि नवी माती आणली तरी आता वाळायची कधी."

"मग शेतात टाकतो."

"टाकायची नाय."

ते स्वतः गुडघ्यांवर बसले. ओंजळी भरभरून त्यांनी ती माती दारात नेली आणि खाडीकडच्या शेतांना घालतात तसा तिचा बांध घातला, हाताने थापून, चोपून. आम्ही हात लावायला गेलो तर लावू दिला नाही. त्यानंतरच्या पावसात पाणी आत आलं नाही. आत राखायला काही उरलंही नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी माणसं आली. आम्ही पाट घासूनपुसून भिंतीला लावून ठेवले होते. ज्याने त्याने आपला पाट उचलला आणि विशालकडून प्लास्टरची मूर्ती घेतली. कोणी एका शब्दाने आम्हाला बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. काशीबाई रोह्याहून रिक्षाने आल्या. बाकीच्यांना कळवलं होतं, त्यांच्यापर्यंत निरोप पोचला नव्हता. उतरता उतरता मला म्हणाल्या, "रस्ता काय झालाय गो तुमचा, पोटातलं पाणी हललं नाय." आणि त्यांनी दारातला बांध ओलांडायला पाय उचलला.

"काशीबाय, थांबा," आबा आतून म्हणाले. "त्याच्यावरून पाय नको. देव हाय तो."

काशीबाईंनी पाय खाली ठेवला. त्यांनी बांधाकडे पाहिलं, आत रिकाम्या पडवीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. मी त्यांना घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आणलं. आम्ही सगळे आता तसेच येतो-जातो, मागच्या चिखलातून. मी त्यांचा जळक्या कोपऱ्याचा पाट पुढे ठेवला. त्या आबांना म्हणाल्या, "पुढल्या होळीला आणते पुन्हा."

आबांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. समोर रस्त्यावरून विशालचे भरलेले टेंपो एकामागून एक जात होते, आणि एकाचाही दणका ऐकू येत नव्हता.