बिंदूबाबांची पट्टी

१९७८ साली सोलापुरात, विणकरांच्या भवानी पेठेत रोज दिवेलागणीला झुंबड उडायची. कारण बिंदूबाबा! भक्ताच्या डोळ्याला कापडाची पांढरी पट्टी लावून ते त्याला त्या पट्टीतून लांबच्या दिव्याकडे बघायला लावत. दिव्याभोवती ठिपके उमटत. "ठिपके पांगले, रक्त निर्मळ! ठिपके दाटले, सात पिढ्यांचा डाग!" बाबा गरजत. सात पिढ्यांची खबर त्यांना कुणी दिली, हे विचारायची सोय नव्हती.

काशम्मा बाबांच्या पाया पडली नाही, आणि तिचेच ठिपके दाटले. तिचे होणारे सासरे, हातमाग चालवणारे बसप्पा, सोयरीक मोडायला निघाले.

काशम्माचा भाऊ गुरुलिंग शाळेत विज्ञान शिकवायचा, पण त्याला ठिपक्यांचं कोडं सुटेना. ते सोडवू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिचं नाव काढलं तरी त्याचा जळफळाट व्हायचा. मॅट्रिकला दाक्षायणी गुणांत त्याच्या मागे होती. आता ती बंगळुरात डीएनए आणि त्याला बिलगलेल्या प्रथिनाचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण सोडत होती, आणि हा सहावीच्या पोरांना लिटमस कागद दाखवत होता! मागच्या सुट्टीत तिने त्या किरणांनी फिल्मवर उमटलेले ठिपके दाखवले, तेव्हा "रांगोळी छान आहे" असा टोमणा मारून तो उठला होता. आता ती पुन्हा सुट्टीला गावी आली होती, आणि बहिणीसाठी त्याला तिचंच दार ठोठावावं लागलं.

"कापड कसलं होतं?" दाक्षायणीने विचारलं.

"पांढरं."

"सोलापूरचा ना तू? अरे, वीण कशी होती?"

ते त्याने पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती भर गर्दीत म्हणाली, "बसप्पाकाका, दिवा राहू द्या. पट्ट्या बघा."

"हात लावू नका, बाटेल!" बाबा ओरडले. पण बसप्पांनी खिशातून धागे मोजायचं भिंग काढलंच होतं.

"आयला! ही भक्तांची पट्टी लई बारीक हाय की. इंचात शंभर धागे! आन् पोरीला दिली ती? पन्नास बी न्हाईत!"

"धागे दाट, तर ठिपके पांगतात. धागे विरळ, तर ठिपके दाटतात," दाक्षायणी म्हणाली. "प्रकाश धाग्यांच्या फटींतून जाताना पसरतो, म्हणून. पट्टी फिरवा, ठिपकेही फिरतील. ठिपक्यांवरून वीण कळते, काका, रक्त नाही. स्फटिकाची वीण मी अशीच शोधते, क्ष-किरणांनी. त्याला वर्षं लागतात."

बसप्पांनी बारीक पट्टी काशम्माच्या हातात दिली. "पांगले की!" ती ओरडली. मग विरळ पट्टी बाबांच्या डोळ्यावर धरून बसप्पा म्हणाले, "आता तुमच्या सात पिढ्या बगा. सोयरीक पक्की हाय, मास्तर."

लोक दाक्षायणीभोवती जमले. गुरुलिंगच्या पोटात पुन्हा दुखलं. तरी तो ओट्यावर चढला.

"हे मला मागच्याच सुट्टीत कळलं असतं. ती सांगत होती, म्हणून मी ऐकलं नाही. बाबा सांगत होते, म्हणून तुम्ही ऐकलंत. चूक एकच. कोण सांगतंय ते सोडा, खरं आहे का ते तपासा. जन्मभर कापड विणणाऱ्यांनो, निदान कापड तरी बघा!"