पाटीभर मुरूम

मी एक जुनी टेकडी आहे. रेणापूरच्या बाजूला एका लहान गावाच्या उशाशी उभी आहे. सह्याद्रीकडचे लोक मला डोंगर म्हणणार नाहीत, न म्हणोत बापडे. पण माझ्या माथ्यावर महादेव आहे, त्यामुळे गावात माझा मान मोठा.

मित्रांनो, त्या मानानेच माझा घात केला. गावाची रीत अशी, की नवे घर बांधताना जोत्यात माझ्या पायथ्याचा पाटीभर मुरूम टाकायचा. देवाच्या टेकडीचा मुरूम पोटात असला की घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे म्हणत. पाटीभर द्यायला मला काय जड होते? मी आनंदाने देत असे.

पुढे पाटीची ट्रॉली झाली. मग जेसीबी आला. त्याचे लोखंडी दात पायथ्यात घुसले की मी माथ्यापर्यंत हादरे. आडवी येतात म्हणून हिवराची झाडे मुळासकट उपटली. त्या मुळांनीच माझी माती धरून ठेवली होती. पायथा असा खाऊन झाल्यावर उरलेल्या सपाट जागेत गावातल्या संगमेश्वरने घर बांधले. जागा आयती, आणि वर देवाचा शेजार.

त्याची आई बसम्मा शेळ्या घेऊन रोज माझ्या अंगावर येई. एकदा ती घाबरून घरी गेली.

"संगू, वर जमीन फाटलीय. शेळीचा पाय आत गेला. हितं राहू नगं."

"देवाची टेकडी हाय, अव्वा. ती कुणाला मारती का?"

त्याने भेगेत मुरूम लोटला, नारळ फोडला आणि तो निर्धास्त झाला. मला संताप आला, पण टेकडीला तोंड कुठे असते?

गेल्या पावसाळ्यात झड लागली. पाणी भेगेतून माझ्या पोटात शिरले. माती फुगली, जड झाली. धरायला मुळे नव्हती, टेकायला पायथा नव्हता. सकाळी घरामागून गढूळ पाणी उसळले, तेव्हा बसम्मा ओरडली, "पोरीला घेऊन पळ." संगमेश्वर लेकीला, अक्षराला, उचलून धावला. बसम्मा शेळ्या सोडायला मागे वळली.

आणि मी कोसळले. माझ्या धोंड्यांनी भिंती फोडल्या, पत्रे चुरगळले, शेळ्यांचे ओरडणे मध्येच चिरडले. बसम्मा दाव्याची गाठ सोडायला वाकली होती. जिची पावले मी आयुष्यभर अंगावर वागवली, तिच्याच पाठीवर मी पडले.

संगमेश्वरने नखे तुटेपर्यंत उकरले. ती सापडली तेव्हा दावे मुठीतच होते. आमच्या गावात लिंगायतांच्या रीतीने माणसाला बसवून पुरतात. मातीतून काढलेल्या बसम्माला त्याच दिवशी पुन्हा मातीत बसवले.

यंदा संगमेश्वरने गावाच्या पलीकडे, मोकळ्या रानात घर बांधायला घेतले. जोते भरताना लोक म्हणाले, "देवाचा मुरूम आण." तो पाटी घेऊन माझ्याकडे येताना दिसला आणि मी धसकले. पण पाटी रिकामी नव्हती. पडलेल्या घराच्या जोत्यातला मुरूम तिच्यात होता. तो त्याने माझ्या पायथ्याशी ओतला आणि शेजारी अक्षराने हिवराचे रोप लावले.

"घे, तुझं तुला," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, देवाची असले तरी मी मातीच आहे. माझा पायथा कापू नका, अंगावरची झाडे राखा, पाण्याला चर काढून वाट द्या. भेग दिसली तर नारळ मागाहून फोडा, आधी घर सोडा. आणि नव्या घरासाठी माझ्याकडे यायचेच असेल, तर पाटी भरून या.