बापासारखं दिसायचं होतं

आमच्या घरात एका पुरुषाच्या गालावर केस येत नव्हते आणि एका तान्ह्या पोरीच्या गालावर येत होते. हे हसण्यावारी नेणाऱ्यांना आधीच सांगते, माझ्यासमोर हसायचं नाही.

पुरुष म्हणजे माझा नवरा, प्रशील. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते. इथं मनातलं बोलतेय म्हणून अरे-तुरे. एरंडोलला बसस्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिशीला टेकला तरी चेहरा कॉलेजातल्या पोराचा. हनुवटीवर चार केस, गाल कोरे. गिऱ्हाईक यायचं आणि त्यालाच विचारायचं, "ए पोऱ्या, शेठ कुठंय तुझा?" तो हसून सोडून द्यायचा. पण सुजाता झाली तेव्हा आम्ही माझ्या माहेरी होतो, धुळ्याला. दवाखान्यातली सिस्टर बाळ घेऊन बाहेर आली. प्रशील हात पुढे करून उभा, आणि ही बाई त्याला ओलांडून माझ्या दाढीवाल्या भावाकडे गेली. "बाप तुम्हीच ना? घ्या." पोरगी आधी मामाच्या हातात गेली. सगळे हसले. ते प्रशीलच्या जिव्हारी लागलं.

मी माहेरी बाळंतपण काढत होते आणि तिकडं हा दाढीच्या मागं लागला होता. आधी एरंडेल तेल. मग कांद्याचं तेल. उशीला असा वास, की भजी तळून त्यावरच झोपलाय. मग बारीक सुयांचा रोलर गालावर फिरवला, तर रक्ताचे ठिपके. शेवटी कुणाचा तरी व्हिडिओ बघून सिरम मागवलं. काचेची बाटली, वर ड्रॉपर. सकाळी दुकानात जाताना आणि रात्री झोपताना गालावर थेंब सोडायचे, बोटानं चोळायचे आणि धुवायचं नाही. मी परत आले तेव्हा हा सगळा कारखाना आमच्या खोलीत मांडलेला.

"अहो, भुईमुगालासुद्धा एवढी मशागत लागत नाही," मी म्हटलं.

"बघच तू," तो म्हणाला.

आणि खरंच, आले की! आधी लव, मग काळे केस. रोज आरशासमोर मान वळवून वळवून बघायचा. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माणूस ताठ चालायला लागला होता.

सुजाता रात्री माझ्याकडं झोपायची नाही. बापाच्या खांद्यावर, त्याच्या गालाला गाल लावला की पाच मिनिटांत गाढ. दूध माझं आणि झोप बापाची, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

मग तिच्या गालावर केस दिसायला लागले. जन्मतः लव असते ती नव्हे. ती तर मी माहेरी असतानाच गळली होती. हे काळे, लांब, कानापासून हनुवटीपर्यंत. कपाळावरही. शेजारच्या यशोदाबाईंनी बाळ बघितलं आणि बोलता बोलता ते परत माझ्या मांडीवर ठेवलं.

माझ्या सासूबाई, पार्वताबाई, मनानं वाईट नाहीत, पण तोंडाला लगाम नाही. "आमना घरमा कोनलेच अशा केस नहीत," त्या म्हणाल्या. "पोटशी व्हती तवय काय खादं तू?"

काय खाल्लं! जे त्यांनी ताटात वाढलं तेच खाल्लं. पण मलाही तोच प्रश्न पडला होता. रात्र रात्र आठवत बसायची, आपल्याकडून काय चुकलं. पोरीच्या जातीला तोंडावर केस, उद्या शाळेत पोरं काय म्हणतील, पुढं काय होईल, सगळं पार लग्नापर्यंत मनात रंगवून झालं.

आपल्याकडं बाळाच्या लवेवर एकच इलाज. कणकेत हळद आणि साय घालायची, मऊ उंडा करायचा आणि अंघोळीआधी अंगावरून फिरवायचा. सासूबाईंनी तो सुरू केला. लव असती तर निघाली असती. हे केस निघेनात, म्हणून त्या जोर लावू लागल्या. मग सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पोरगी किंचाळायची. गाल लालबुंद व्हायचे.

"आई, पुरे हो!"

"घासाले काय व्हस? मना हातखाले सारा पोरे मोठा व्हयनात."

पोरगी रडून रडून निळी पडली की प्रशील धावत यायचा, तिला उचलायचा आणि सोललेल्या गालाला आपला गाल लावायचा. ती हुंदके देत देत शांत व्हायची. आठवड्याभरात केस आणखी दाट. मग उंडा आणखी जोरात. मग पुन्हा बापाचा गाल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, त्यातलंच. फक्त आमचा बंबच पेटता होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

एका सकाळी गालावर रक्त आलं. मी सासूबाईंच्या हातातून उंडा हिसकावला आणि मोरीत फेकला. "आता हिला कुणी हात लावला तर मी पोरीला घेऊन धुळ्याला जाईन, परत यायची नाही." तसेच मी, प्रशील आणि सासूबाई पोरीला घेऊन जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडं गेलो.

बाईंनी सुजाताला उजेडात धरलं. दोन्ही गाल बघितले. "डावीकडं जास्त आहेत," त्या म्हणाल्या. "हिला खांद्यावर कोण घेतं?"

"मी," प्रशील म्हणाला.

बाईंनी मान वर केली आणि त्याची दाढी बघितली. "दाढीला काही लावता?"

त्याचा हात गालाकडं गेला. मीच सांगितलं, सिरम, सकाळ-रात्र.

"ते केस वाढवायचं औषध आहे. तुमच्या गालावरून तिच्या गालाला लागतंय. बाळाची कातडी पातळ असते, त्यात ही अशी घासलेली. आत मुरतं ते. हिच्या हृदयाचे ठोकेसुद्धा तपासावे लागतील."

"पण मी बाटली कपाटावर ठेवत होतो," प्रशील म्हणाला. "लहान मुलांपासून लांब ठेवा, असं लिहिलं होतं. मी लांबच ठेवली होती, मॅडम."

बाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला. सासूबाईंनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

ठोके ठीक निघाले. औषध बंद केलं की काही महिन्यांत केस गळतील, घासणं आजपासून बंद, असं सांगून बाईंनी मलम दिलं. त्याच संध्याकाळी प्रशीलनं सिरम मोरीत ओतलं आणि गुळगुळीत दाढी केली. मी भांडायच्या तयारीत होते. चांगले चार शब्द काढून ठेवले होते. पण तो बाहेर आला आणि त्याचं तोंड बघून मी त्याच्यापुढं जेवणाचं ताट ठेवलं.

त्यानंतर त्यानं पोरीला उचललंच नाही. दुकानातून यायचा, हात धुवायचा, पुन्हा धुवायचा आणि दारात उभा राहून तिला बघायचा. "काहीतरी राहिलं असेल अंगावर," म्हणायचा. महिना गेला, दुसरा गेला. सुजाताचे केस विरळ झाले, गालांवर नवी कातडी आली. पण कुणाचाही हात तोंडाजवळ आला की ती अंग आखडून घ्यायची. आजीचा तर आवाज ऐकूनच ओठ काढायची. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या.

मग तिला दात यायला लागले. एका संध्याकाळी रडायची थांबेचना. मी फिरवलं, गाणं म्हटलं, पाजलं, सगळं करून झालं. हा दारात खांबासारखा उभा! माझं डोकं फिरलं.

"बाप ना तुम्ही? मग घ्या तिला!" आणि मी पोरगी त्याच्या हातात कोंबली.

त्यानं तिला घाबरत घाबरत खांद्याशी धरलं. सुजातानं मान मागं घेऊन त्याच्याकडं बघितलं. तो गुळगुळीत चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड ढकललं आणि आधीपेक्षा मोठा टाहो फोडला.

"तिला मी कळत नाहीये गं," तो म्हणाला.

मी तिला घ्यायला हात पुढे केले. त्यानं दिली नाही. भिंतीला टेकून खाली बसला. "राहू दे. रडू दे माझ्याकडंच."

ती रडत राहिली, त्याला ढकलत राहिली. त्याच्या कोऱ्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्यानं पोरीखालचा हात काढला नाही.