चाळीस निळ्या नळ्या

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या तोंडात शिळ्या पावाचा एक तुकडा आहे. तो गिळू नका, नुसता चावत राहा. तीस वेळा, चाळीस वेळा. हळूहळू तो गोड लागू लागतो. साखर तर कुणी घातलेली नाही! तुम्ही आनंदाने सांगता, "गोड लागतंय!" तेवढ्यात समोरचं मोठं माणूस डोळे वटारून म्हणतं, "पुस्तकात कडू लिहिलंय. कडू म्हण." आणि तुमच्या बाजूची सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "कडू!"

आला ना राग? मग माझाही राग तुम्हाला कळेल.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतली आयोडीनची जुनी बाटली. उजेडाने आयोडीन खराब होतं, म्हणून भट्टीवरच्या कारागिराने माझी काच मुद्दाम तपकिरी केली. तोंडाला रबरी टोपीचा ड्रॉपर बसवला. काम एकच दिलं. कशातही माझा थेंब पडला, की त्यात स्टार्च आहे की नाही ते सांगायचं. असेल तर गडद निळा रंग, नसेल तर माझाच फिका पिवळा. मध्ये काही नाही. कुणाची भीड नाही, मुलाहिजा नाही.

हे कसं होतं, तेही सांगते. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. ही माळ सरळ राहत नाही, स्प्रिंगसारखी वेटोळी घेते. त्या वेटोळ्यात माझं आयोडीन जाऊन बसलं की निळा रंग दिसतो. तुमच्या लाळेत एक विकर असतं. विकर म्हणजे शरीरातली कामं भराभर उरकणारा पदार्थ. हे विकर स्टार्चच्या माळेचे बारीक तुकडे करतं. माळ तुटली की वेटोळं गेलं, वेटोळं गेलं की निळा रंगही गेला. म्हणूनच पाव चावल्यावर गोड लागतो. तुमच्या तोंडात रोज एवढा मोठा कारखाना चालतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो!

सुरुवातीची माझी वर्षं सुखाची गेली. तेव्हाचे सर मला दोन्ही हातांनी उचलायचे. मुलांना म्हणायचे, "हिला काय वाटतं ते आधी बघा. आपल्याला काय वाटतं ते मग बोलू." एकदा बटाट्याच्या फोडीवर डाग निळा पडायच्या ऐवजी फिकट पडला. सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मला नाही कळलं बुवा. चला, पुन्हा करू." वर्ग दोन तास तिथेच बसला होता. शेवटी कळलं, कुणीतरी माझ्या पोटात नळाचं पाणी भरून ठेवलं होतं! सर हसले. मला मात्र आतून बाहेरून पुसून त्यांनी नवं आयोडीन भरलं.

ते सर गेले आणि माझे दिवस फिरले. माझ्या नावाची चिठ्ठी सुटली. टोपीला चीर गेली. वर्षातले अकरा महिने मी कपाटात, ॲसिडच्या बाटल्यांच्या मागे. धुळीचं मला काही नाही, मित्रांनो. काच आहे, पुसली की स्वच्छ. पण नव्या बाईंनी एक पद्धत आणली, तिचा राग अजून माझ्या पोटात आहे. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच त्या फळ्यावर निरीक्षण लिहून टाकायच्या. "वेळ वाचतो," म्हणायच्या. मुलं आधी निरीक्षण उतरवून घेत, मग प्रयोग करत. मग मला कपाटातून काढताच कशाला? शोभेला?

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका.

लाळेचा प्रयोग होता. फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, "निळा रंग आला नाही. लाळेमुळे स्टार्चचे विघटन झाले." प्रयोगशाळेचे काका स्टार्चची खळ घेऊन आले. एरवी ते सकाळीच खळ शिजवून गार करायला ठेवत. त्या दिवशी गॅस संपला होता, नवं सिलिंडर येईपर्यंत उशीर झाला. बीकरमधून वाफा निघत होत्या.

"बाई, जरा गार होऊ द्या की," काका म्हणाले.

"आणा तशीच. तास संपेल."

चाळीस परीक्षानळ्यांत खळ ओतली गेली. पोरांना नळ्या हातात धरवेनात. रुमालात धरून, हूं हूं करत त्यांनी त्यात लाळ मिसळली. दहा मिनिटं थांबले. मग मी बाकाबाकांवरून फिरले. पहिला थेंब निळा. दुसरा निळा. दहावा निळा, विसावा निळा, चाळिसावा निळा! मला हात असते तर मी डोळे चोळले असते. आणि त्या चाळीसांपैकी एकोणचाळीस पोरांनी निळ्याशार नळीकडे बघत, शांतपणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं, "निळा रंग आला नाही."

एकीने मात्र लिहिलं, "निळा रंग आला." वर्गात तिला सगळे मुंगी म्हणत. चणीने एवढीशी, आणि एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही.

शेजारच्या लांबूने तिला कोपराने ढोसलं. "अगं ए, फळ्यावर बघ ना. सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"तुझी नळी कुठल्या रंगाची आहे?"

"निळी."

"मग?"

"मग काय मग? मला सही पाहिजे."

बाई जर्नल तपासत मुंगीच्या बाकाशी आल्या. थांबल्या. "हे काय?"

"बाई, माझी निळी झाली."

"चाळीस मुलांत तुझी एकटीचीच बरी झाली? तोंडात लाळ आहे की शाई?"

वर्ग खो खो हसला. ज्यांच्या नळ्या निळ्या होत्या, तेच हसले! त्या क्षणी, मित्रांनो, माझ्या टोपीपासून बुडापर्यंत आग झाली. मला तोंड आहे, पण बोलायला नाही, थेंबायला आहे. नाहीतर एकेकाचं नाव घेऊन सांगितलं असतं.

"हे पान फाड आणि नीट लिहून आण," बाई म्हणाल्या. "शाळा सुटायच्या आत. नाहीतर सही मिळणार नाही. आणि सही नाही तर सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षेला बसायचं नाही. कळलं?"

मुंगीने मान हलवली. होकाराची की नकाराची, मला कळलं नाही.

मधल्या सुट्टीत ती परत आली. काका बेसिनवर नळ्या धूत होते. तिने जर्नल उघडलं, ते पान दोन बोटांत धरलं. आता फाडणार, असं मला वाटलं. मला तिचाही राग आला. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात काका स्वतःशीच पुटपुटले, "आज बेसिन निळंशार झालं की. एवढी वर्षं धुतोय. या प्रयोगाच्या नळ्या फिक्याच असतात नेहमी."

मुंगीने पान सोडलं. "सगळ्या निळ्या होत्या, काका?"

"चाळीसच्या चाळीस. मी काय, धुणारा माणूस. मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. आज तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काही नाही गं. तीच पावडर, तेवढंच पाणी. खळ तेवढी गरम होती." ते थांबले. हातातली नळी तशीच राहिली. "चांगली उकळती होती."

मुंगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चार नळ्या मांडल्या. उरलेली खळ एव्हाना गार झाली होती. ती दोन नळ्यांत घातली. काकांनी बर्नर पेटवून थोडी खळ उकळली, ती दुसऱ्या दोन नळ्यांत ओतली. चारीत लाळ मिसळली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिली. डबा उघडलासुद्धा नाही.

मग तिने प्रत्येक जोडीतल्या एकाच नळीत माझा थेंब टाकला.

गार खळीत फिका पिवळा. उकळत्या खळीत गडद निळा.

विकर हा प्रथिनाचा धागा असतो, मित्रांनो, ठरावीक घड्या घातलेला. त्या घड्यांमुळेच त्याला काम जमतं. फार उष्णता लागली की घड्या विस्कटतात. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पुन्हा कच्चं होतं का? तसंच हे. चाळीस मुलांच्या लाळेतलं विकर त्या वाफाळत्या खळीत निकामी झालं होतं. फळ्यावरच्या वाक्यापेक्षा किती मोठी गोष्ट त्या नळ्यांत घडली होती! आणि एकोणचाळीस जणांनी ती निळ्या रंगासकट पुसून टाकली.

काका खूश झाले. "सुटलीस! ही फिकी नळी आहे ना, हिचं लिही. फळ्यावरचंच आहे, खोटंही नाही. सही घे आणि मोकळी हो."

"पण सकाळी निळाच आला होता, काका."

"अगं, परीक्षा बुडेल."

मुंगीने जर्नलमधल्या त्या पानाकडे बघितलं. घाबरली होती ती, मला दिसत होतं.

मित्रांनो, मला पुसू नका, चालेल. नवी टोपीही नको. पण माझा थेंब टाकलात, तर त्याच्याकडे बघा. बघितलेलं लिहायचं नसेल, तर मला हात लावू नका. मी जुनी झाले, फुटेनही एक दिवस, पण माझ्या नावावर खोटं लिहिलेलं मला खपत नाही. आणि ते लिहायला लावणाऱ्या मोठ्या माणसांना तर मी कधीच माफ करणार नाही.

मुंगीने पान फाडलं नाही. त्याच पानावर खाली आणखी सहा ओळी लिहिल्या. मग उरलेल्या दोन नळ्या, ज्यांत थेंब पडला नव्हता आणि ज्या दिसायला अगदी एकसारख्या होत्या, त्या तिने स्टँडमध्ये ठेवल्या. जर्नल काखेत मारलं, मला मुठीत घट्ट धरलं आणि ती थेट शिक्षकांच्या खोलीत गेली.

बाई डबा खात होत्या. मुंगीने स्टँड त्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

"बाई, एकीत गार खळ आहे, एकीत उकळती घातली होती," ती म्हणाली. तिने माझी टोपी सैल केली आणि मला बाईंच्या पुढे धरलं.

"या वेळी थेंब तुम्ही टाका."