दोघांनी मागितलेला गालिचा

मित्रांनो, गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या डोंगरावरून उतरणारी सकाळची उन्हं ज्या लांबट खोलीत शिरतात, तिथे भिंतीला टेकून मी उभा आहे. मी गालिचे विणायचा माग. वयाने म्हातारा आणि स्वभावाने जळका.

अर्जुनीच्या बिसराम सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. तिबेटमधून आलेल्या लोकांची वसाहत इथे वसली होती. आजूबाजूची गावं तिला 'कॅम्प' म्हणतात. कॅम्पातल्या बायांच्या हाताला काम हवं होतं, म्हणून विणकाम केंद्र निघालं आणि माझ्यासमोर यांगचेन येऊन बसली. पुढे शेजारच्या गावातली शामकला तिच्याकडून काम शिकली. यांगचेनला ती 'आचा' म्हणायची. तिबेटीत थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. दोघी एकाच फळीवर बसून विणायच्या. यांगचेन हिंदी बोलायची, शामकला आपली झाडीबोली, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही.

आमचे गालिचे सातासमुद्रापलीकडच्या एका लहानशा गावात जात. तिथल्या लोकांनी कॅम्पासाठी मैत्री मंडळ काढलं होतं. ते दरसाल गालिचे मागवत आणि त्यावर केंद्र चाले. मंडळातली एलेनबाई आणि रॉबर्टसाहेब दोनदा इथे येऊन गेले. यांगचेनच्या घरी मोमो खाऊन त्यांनी गालिच्यांचे ढीगभर फोटो काढले. माझ्यावर मात्र त्यांनी टोप्या अडकवल्या. त्या दिवशी मी किती जळलो, ते मला विचारू नका.

मग त्यांच्या देशात निवडणूक आली. लोकशाहीत निवडणूक येणारच, त्यात नवल नाही. पण त्या वेळी माणसं मत देऊन घरी परतली नाहीत. जी ती आपापल्या पक्षाला धरून बसली. शामकलाची मुलगी रेणू गोंदियाला कॉलेजात शिकते. तिनेच फोनवर वाचून सांगितलं की मंडळाचे दोन तुकडे झालेत. रॉबर्टसाहेबांचे लोक म्हणत होते, आधी आपलं घर, मग बाहेरचे. एलेनबाईंचे लोक म्हणत होते, खरे मित्र आम्हीच, ते गद्दार. मंडळाच्या सभागृहाला दोन्ही बाजूंनी दोन कुलपं लागली होती.

त्या सभागृहासाठीचाच मोठा गालिचा तेव्हा माझ्यावर अर्धा विणून झाला होता.

तिबेटी नव्या वर्षाला यांगचेनने नेहमीसारखा एलेनबाई आणि रॉबर्टसाहेब दोघांनाही शुभेच्छांचा निरोप पाठवला. तेवढ्याने दोघांच्या मनात खुपलं. त्या दुसऱ्यांना काय लिहिलंस, असं प्रत्येकाने वेगवेगळं विचारलं. मित्रांनो, हा जळफळाट मी लांबूनही ओळखला. तो माझ्याच जातीचा होता.

आधी रॉबर्टसाहेबांचा फोन आला. नक्षी मी सुचवली होती, गालिचा मलाच पाठव, एलेनकडून पुढे काही घेऊ नकोस, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी एलेनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. रेणूने फोन माझ्याच खांबाला टेकवून ठेवला. रॉबर्टच्या लोकांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं, असं यांगचेनने दोन वाक्यांत बोलावं. ते आम्ही तिकडे सगळ्यांना दाखवू आणि मदत चालू ठेवू, असं बाई म्हणाल्या.

यांगचेनने हातातली कात्री खाली ठेवली.

"रेणू, इनको बोल, रॉबर्टसाहब मेरे घर में खाना खाए हैं। उनके खिलाफ मैं नहीं बोलूँगी। कल वो फोन किए थे, तो आपके खिलाफ भी नहीं बोली।"

रेणूने तसंच्या तसं सांगितलं. एलेनबाईंनी हळूच विचारलं, "तो माझ्याबद्दल काय म्हणाला?"

त्यानंतर दोन्हीकडची मागणी बंद झाली. ज्यांनी बाहेरच्यांचा राग धरला होता त्यांनी हात काढून घेतला, आणि ज्यांनी मैत्रीच्या शपथा घेतल्या होत्या त्यांनीही. माझ्या रांगेतले माग एकेक करून खोलले गेले. बाया हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला निघाल्या. यांगचेनही नागपूरला गेली. यंत्रावर निघालेले, गठ्ठ्यांत बांधलेले ते रंगीत स्वेटर! तिने खांद्यावर उचलले ते, दिवसभर गोंजारले ते. मी इथे अर्धा गालिचा छातीशी धरून धूळ खात होतो.

शामकला धानाच्या रोवणीच्या, कापणीच्या मजुरीला जाऊ लागली. यांगचेन परतली तेव्हा ती भेटायला आली.

"आचा, त्यायचं भांडण त्यायच्या गावात. आपलं काम काऊन बंद झालं?"

"भूले नहीं हैं वो हमको," यांगचेन म्हणाली. "बस, अब झगड़े में याद करते हैं।"

दोघी फळीवर बसल्या आणि गिऱ्हाईक नसताना त्यांनी उरलेला गालिचा विणून पुरा केला. दोघांनाही एकच निरोप गेला: एकत्र या आणि घेऊन जा. अजून कुणी आलेलं नाही. गुंडाळलेला गालिचा खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे. यांगचेन त्याला रोज फडक्याने पुसते. मला आठवड्यातून एकदा. याचंही मला वाईट वाटतंच.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, मत द्याल, एकमेकांशी कडकडून भांडाल. जरूर भांडा. पण ज्याने तुम्हा दोघांनाही आपल्या घरी जेवू घातलं, त्याला "तू कुणाचा?" असं विचारू नका. त्याच्याकडे त्याचं उत्तर नसतं, आणि ते दिलं नाही म्हणून त्याच्या हातचं काम जातं.