दुसऱ्याचा दुष्काळ

माझ्या लग्नाच्या अल्बमात माझ्या वडिलांचा फक्त अर्धा फेटा आहे. उरलेले आबा मांडवाच्या खांबाआड. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला रे उचलला की आबांना कुठलं तरी काम आठवायचं. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, सटकायला चपळ. मी तेव्हा फार चिडले होते आणि खरं सांगायचं तर अजूनही चिडते.

याचं मूळ आमच्या राणीसावरगावच्या माळावर आहे. माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा शहरातून गाडी करून आलेल्या कुणीतरी आबांचा फोटो काढला. खांद्यावर उठता न येणारी मेंढी, मागं भेगाळलेलं तळं. तो फोटो फिरत फिरत गावातल्या मोबाइलांवरही आला. तोवर मेंढी मेली होती. आबा फोटोकडं बराच वेळ बघत बसले, आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. नेमकं काय टोचलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नवऱ्यानं, शिवशंकरनं, लडाखचं काढलं तेव्हा मी आबांना न्यायचंच असा हट्ट धरला. माझा हेतू पुरता स्वार्थी होता. मला एक फोटो हवा होता. मागं डोंगर, वर निळं आभाळ आणि मधे आबा, अख्खे, समोर बघणारे. आबा सत्तरीला आलेत, आणि 'पुढच्या वेळी' या शब्दावर माझा आता विश्वास नाही. आई काही आली नाही. "बर्फ फ्रिजात हाय की," म्हणाली, आणि शेळ्या कुणाच्या जिवावर सोडू असं विचारून तिनं विषय संपवला.

परभणीहून रेल्वेनं दिल्ली, तिथून विमानानं लेह. विमानात आबा लहान मुलासारखे खिडकीला चिकटले होते. ढग सरले, खालचे डोंगर दिसले आणि ते जे गप्प झाले ते झालेच. मला वाटलं, विरळ हवेनं असेल. लेहच्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. दोन दिवस आराम करून तिसऱ्या दिवशी आम्ही पँगाँगच्या तळ्याकडं निघालो.

काय डोंगर होते! तांबूस, जांभळे, राखाडी, आणि त्यांच्यावर गवताची काडी नाही. शिवशंकर दर वळणाला ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावून कॅमेरा घेऊन धावत होता. आबा मात्र उतरायलाच तयार नव्हते.

"आबा, चला ना, एकच फोटो."

"न्हाई."

"झालंय काय?"

"तू जा."

तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. "एवढ्या लांब काय गाडीचं सीट बघायला आणलं का तुम्हाला?" मी ओरडले. जावयासमोर आबा मला उलटून बोलत नाहीत. त्यांनी ड्रायव्हरकडं तोंड वळवलं. तो तिथलाच, तिशीतला पोरगा. मयताच्या घरी विचारावं तशा आवाजात, आमच्याकडच्या हिंदीत त्यांनी विचारलं, "भाई, कित्ते साल हुए पानी पडके?"

"बारिश? यहाँ बारिश कहाँ, चाचा!"

आबांनी डोळे मिटले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ऐकलंस? तीन दिस झाले, बघायलोय मी. डोंगरावर कुसळ न्हाई. लोकांवर येळ आलीय अन् तुमी फोटू काढायलाव. लाज कशी वाटंना?"

शिवशंकरला हसू आलं. माझ्याही डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. हा माणूस तीन दिवस दुसऱ्यांच्या दुष्काळात सहलीला आल्यासारखा मान खाली घालून बसला होता. मी गंगाखेडच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळं लगेच शिकवायला लागले. "आबा, हा दुष्काळ नाही. हे थंड वाळवंट आहे. इथं असंच असतं."

"असंच असतं!" आबा म्हणाले. "आपल्याबद्दल बी लोक हेच म्हणत व्हते. मराठवाडाय तो, तिथं असंच असतंय."

फोटोचा नाद सोडून द्यावा, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

घाट उतरल्यावर रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. लांब केसांच्या, लोकरीत बुडालेल्या शेळ्या, आणि त्यांच्यामागं साठीची एक बाई, जाड अंगरखा घातलेली. आम्ही काही म्हणायच्या आत आबांनी दार उघडलं. आईनं दिलेल्या धपाट्यांचं फडकं उचलून ते तडक तिच्याकडं गेले आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. बाई गोंधळली. तिनं ते घेतलं, वास घेतला, आणि आपल्या अंगरख्यातून वाळवलेल्या चीजचे खडे काढून आबांच्या ओंजळीत टाकले. आबांना हे अपेक्षित नव्हतं. मदत द्यायला गेलेला माणूस पाहुणा होऊन बसला.

मग ते एका शेळीपाशी उकिडवे बसले. तिच्या पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. खालचा ओठ ओढून दात बघितले. बरगड्या चाचपल्या. मग दुसरी, मग तिसरी. ड्रायव्हरला म्हणाले, "पूछो, पेट भरके मिलता क्या इन्को?"

ड्रायव्हरनं विचारलं आणि दुष्काळाचीही गोष्ट सांगितली असावी, कारण बाई एवढी हसली, एवढी हसली की तिला शेळीचा आधार घ्यावा लागला. "ती म्हणते," ड्रायव्हरनं हिंदीत सांगितलं, "बर्फाचं पाणी ओढ्याला येतं, काठानं चारा आहे. यंदा एकही करडू मेलं नाही. माझ्या शेळ्या तुम्हाला उपाशी दिसल्या का?"

"न्हाई," आबा मराठीतच म्हणाले. "लय धडधाकट हायत." आणि तेही हसले, दात दाखवून. माझा हात खिशातल्या मोबाइलवर गेला होता. मी तो तिथंच ठेवला. चोरून घेतलेला फोटो मला नको होता.

"पाव्हणं," आबांनी शिवशंकरला हाक मारली, "कॅमेरा आणा. पर तिला आधी इचारा, काढावा का म्हणून."

ड्रायव्हरनं विचारल्यावर बाईनं होकाराची मान हलवली, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि आबांच्या शेजारी उभी राहिली. शिवशंकरनं कॅमेरा डोळ्याला लावला तशी ती लाजली आणि पायाकडं बघू लागली.

"ऊपर देखो, बैन," आबा म्हणाले. "सामने." मग माझ्याकडं बघून, हळू आवाजात, "मेंढीच्या त्या फोटूला मला त्यांनी खाली बघा म्हणले व्हते, दीपिका. हसू नका, खाली बघा. अन् म्या बघितलं."

बाईनं मान वर केली. आबांनीही केली. शिवशंकर मला म्हणत होता, तूही जा ना मधे, उभी राहा. मी नाही गेले. मला आबांना समोरून बघायचं होतं, आणि ते समोर बघत होते.